फ्लाउंडर आमिषामागे येतो, मग गळाला का लागत नाही?

तळावरून आमिष ओढत तास-दीड तास गेला आणि काठीला एकदाही झटका बसला नाही, की बहुतेक गरवणारे "इथे मासाच नाही" असा निकाल देतात आणि होडी हलवतात. आमिषासोबत छोटा कॅमेरा बांधून सोडला की वेगळंच चित्र दिसतं. फ्लाउंडर, म्हणजे तळाला पडून राहणारा चपटा मासा, तिथेच असतो. त्याने आमिष पाहिलेलं असतं, कित्येकदा उठून मागे मागे आलेला असतो, शेपटाला तोंडही लावून गेलेला असतो. वर काठी धरून बसलेल्याला यातलं काहीच कळलेलं नसतं. मासा सापडणं हे अर्धं काम झालं. आलेल्या माशाचा पाठलाग आपल्याच हाताने मोडू न देणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड आहे. कोणत्या आमिषाशी तो कसा वागतो हे एकदा ध्यानात आलं की काठी कधी थांबवायची, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कधी ढिला सोडायचा आणि ताडकन कधी उचलायचं, हे ठरवता येतं.

आधी माशाचं तोंड बघा

फ्लाउंडर या नावाखाली बऱ्याच जाती येतात. सगळे लेप आणि भाकस यांच्याच गणातले चपटे मासे, पण खाण्याची तऱ्हा एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. गरवणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पाडले तरी पुरे.

पहिला गट मोठ्या तोंडाचा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा समर फ्लाउंडर, ज्याला तिकडे फ्लूक म्हणतात, आणि त्याच्या दक्षिणेकडे व मेक्सिकोच्या आखातात मिळणारा सदर्न फ्लाउंडर. जबडा डोळ्यांच्या मागेपर्यंत फाकणारा, दात अणकुचीदार. हे शिकारी मासे आहेत. लहान मासे, माकूळ, कोळंबी यांच्यावर ते झडप घालतात. समर फ्लाउंडर तर लहान माशांच्या थव्यामागे थेट पृष्ठभागापर्यंत येतो. याची विश्वविक्रमी नोंद 22 पौंड 7 औंसांची, म्हणजे सुमारे 10 किलोंची आहे. 1975 साली न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टॉक इथे तो मासा मिळाला.

दुसरा गट लहान तोंडाचा. अमेरिकेतला विंटर फ्लाउंडर आणि युरोपच्या खाड्यांमधला युरोपीय फ्लाउंडर. समुद्री अळ्या, शिंपल्यांचे मऊ भाग, बारीक कवचधारी जीव हे यांचं खाणं. यांच्यासमोर पंधरा सेंटिमीटरची माकुळाची पट्टी टाकणं म्हणजे नुसतंच लटकवून ठेवणं.

हातात आलेला मासा समर की विंटर, हे ओळखायला सोपी खूण आहे. डोळ्यांची बाजू आपल्याकडे आणि पोट खाली ठेवून धरा. डोकं डाव्या हाताला आलं तर समर, उजव्या हाताला आलं तर विंटर. युरोपीय फ्लाउंडरला ही खूण लावू नका. तो बहुतेक वेळा उजवा असतो, पण डावेही भरपूर निघतात.

तो पडून काय बघत असतो

मोठ्या तोंडाचा फ्लाउंडर वाळूत पंख झाडून अंगावर पातळ थर ओढून घेतो. उघडे राहतात ते डोळे. ते डोक्यापासून वर उचललेले असतात आणि एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. एक पुढे, दुसरा मागे. त्यामुळे पडल्या जागेवरून वरचा आणि आजूबाजूचा बराच भाग त्याच्या नजरेत असतो. प्रवाह असेल तेव्हा तो साधारणपणे प्रवाहाकडे तोंड करून पडतो, कारण खाणं तिकडून वाहत येतं.

यातून पहिला नियम निघतो. आमिष प्रवाहासोबत, त्याच्या तोंडाकडे येत असलं पाहिजे. मागून, शेपटीकडून येऊन डोक्यावरून जाणारं आमिष त्याला भक्ष्यासारखं वाटत नाही. कधी कधी तो त्याला बिचकून सरळ पळतो.

दुसरी गोष्ट, पूर्ण वाढलेल्या फ्लाउंडरला वायुपिशवी नसते. पोहणं थांबवलं की तो खाली बसतो. प्रत्येक उसळीला अंगातली ताकद खर्च होते, म्हणून आमिष तळापासून फूटभरातच असलं पाहिजे. उंच जाणाऱ्या आमिषावर तो डोळे फिरवतो, उठत नाही. पाठलाग ऐन रंगात आलेला असला तर गोष्ट निराळी, पण त्या भरवशावर राहू नये.

समर फ्लाउंडर मुख्यतः नजरेने आणि दिवसा शिकार करतो. पाणी गढूळ झालं की त्याचं लक्ष वेधण्याचं अंतर झपाट्याने कमी होतं. अशा वेळी रंग बदलत बसण्यापेक्षा आमिष मोठं करा, हळू न्या आणि तळावर ठोकत न्या. शिसं (तंगुसाला बांधलेलं वजन) किंवा जिग (शिशाच्या डोक्याचं कृत्रिम आमिष) वाळूवर आपटून उडालेला बारीक धुरळा त्याचं लक्ष वेधतो. तळावर काहीतरी जिवंत वळवळतंय अशी ती खूण असते. रंगांबद्दल गरवणारे रात्र रात्र वाद घालतात. पांढरा आणि पोपटी हे दोन जवळ असले की मी त्या वादात पडत नाही.

चार वागणुकी

कॅमेऱ्यातलं चित्रीकरण पाहिलं की समर फ्लाउंडरचं वागणं चार पायऱ्यांमध्ये वाटता येतं.

पहिली, नुसतं बघणं. आमिष जवळ येताच दोन्ही डोळे त्यावर येतात, पाठीच्या पंखाची कड उठते, अंगावरची थोडी वाळू ओघळते. आमिष वेगाने निघून गेलं तर इथेच संपतं.

दुसरी, मागे लागणं. तो तळाला घासत, कडेच्या पंखांच्या लाटांवर सरकत येतो. घाई अजिबात नसते. आमिषाच्या मागे हात-दीड हातावर राहतो आणि किती तरी अंतर तसाच येतो. पुष्कळदा एकामागे दुसरा, तिसराही येऊन मिळतो. एकट्या माशापेक्षा असे दोघे-तिघे असले की तोंड लवकर पडतं, कारण मागचा पुढे घुसायला बघतो.

तिसरी, शेपूट तोडणं. पुढच्या बाजूने घेण्याऐवजी तो आमिषाचं मागचं टोक दातांत पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो. काठीवर हे अगदी बारीक टिकटिकीसारखं किंवा ओल्या शेवाळाचा भार आल्यासारखं लागतं. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. हाताला टिकटिक लागली की माणूस जोरात उचलतो, आमिष माशाच्या तोंडातून निसटून दोन हात पुढे उडतं आणि मासा तळाला बसतो.

चौथी, झडप. शेपटीच्या एका झटक्यात तो पुढे येतो, आमिष आडवं धरतो आणि त्यासकट खाली वाळूवर जातो. बऱ्याचदा आमिषावर अंग टाकून ते तळाशी दाबूनच ठेवतो. हे झालं की काठी जड लागते, तळात अडकल्यासारखी. "अडकलं" म्हणून ओढू नका. दोन क्षण थांबा, अडकलेलं शिसं हलत नाही, मासा डोकं हलवतो.

दुसरीवरून चौथीवर नेणं हे गरवणाऱ्याचं काम. त्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे बदल. एका चालीने जाणाऱ्या आमिषामागे तो नुसता चालत राहतो. तेच आमिष थबकलं, टपकन तळावर पडलं किंवा उलट घाबरल्यासारखं एक उडी पुढे गेलं, की निर्णय होतो. थांबा एक-दोन सेकंदांचाच ठेवा. जास्त वेळ निपचित पडलेल्या आमिषाभोवती फिरून तो परत जातानाही दिसतो.

आमिषाप्रमाणे काय करायचं

*जिवंत लहान मासा.* किलिफिश, मिनो किंवा बोटभर बोय. दोन्ही ओठांतून खालून वर गळ घाला, म्हणजे मासा सरळ पोहतो. फ्लाउंडर जिवंत माशाला मधोमध आडवा पकडतो, दातांनी दाबून धरतो आणि मग तोंडात फिरवून गिळतो. या मधल्या वेळात उचललं तर गळ माशाच्या तोंडात नसतोच. म्हणून वजन जाणवताच काठीचं टोक खाली न्या, थोडा तंगूस द्या, मनात पाच ते दहा मोजा आणि ताण येईपर्यंत हळूहळू उचला. सर्कल गळ (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका देऊच नका, नुसतं रीळ फिरवत राहा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

आमिष रिकामं वर आलं तर फेकण्याआधी निरखून बघा. डोक्यामागे दोन्ही बाजूंची खवलं खरवडलेली, त्यात समांतर ओरखडे आणि अंग चेपलेलं असेल तर तो फ्लाउंडर होता आणि तुम्ही लवकर उचललंत. पोट कुरतडून पोकळ केलेलं असेल तर ते खेकड्याचं काम.

*माकुळाची किंवा माशाची पट्टी.* इथे कापण्यावर सगळं आहे. दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, वरच्या टोकाला दोनेक सेंटिमीटर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली पट्टी घ्या. खालच्या टोकाला मधोमध चीर द्या. रुंद टोकाच्या अगदी कडेला, मध्यावर, गळ एकदाच टोचा. पट्टी दोनदा-तीनदा ओवून गोळा केली की ती पाण्यात गरगर फिरते. फिरणाऱ्या पट्टीमागे फ्लाउंडर येतो आणि तोंड न लावता वळतो. पाण्यात सोडण्याआधी होडीच्या कडेला ओढून बघा. ती सापासारखी सळसळली पाहिजे, फिरता कामा नये.

पट्टीला शेपूटतोड सगळ्यात जास्त होते. टिकटिक लागली की काठी जागच्या जागी थांबवा, टोक फूटभर मागे न्या म्हणजे पट्टी ढिली पडेल, आणि वजन येण्याची वाट बघा. तरीही टोकंच कापून येत असतील तर पट्टी आखूड करा किंवा मागे दुसरा छोटा गळ जोडा. पट्टीसोबत एक मिनो लावण्याची जोडीही चांगली चालते. पट्टी हलते, मिनो चव देतो.

*जिग आणि मऊ प्लॅस्टिक.* शिशाचं डोकं आणि केसांचा झुबका असलेला बकटेल जिग, त्याच्यावर एक-सव्वा फुटावर बांधलेला छोटा टीझर (शिसं नसलेलं हलकं जोड-आमिष), दोन्हींना वास असलेली मऊ आमिषं. हे गरवणं मला सगळ्यांत आवडतं, कारण माशाशी हुज्जत घालावी लागत नाही. जिग तळावर ठोका, अर्धा फूट उचला, परत ठोका. पाण्याखाली फ्लाउंडर नेमका जिग खाली येताना किंवा वाळूवर टेकताना तुटून पडतो, वर जाताना क्वचितच. म्हणजे झडप बसते तेव्हा तंगूस ढिला असण्याची भीती. जिग पडताना काठीचं टोक त्याच्या वेगानेच खाली न्या, हलका ताण राहू द्या. पुढच्या उचलीला जड लागलं की तिथेच ताडकन उचला. इथे मोजत बसू नका. शिसं आणि प्लॅस्टिक तोंडाला लागताच तो थुंकून टाकतो, आणि ते इतकं झटपट होतं की चित्रीकरण संथ करून बघावं लागतं.

टीझरला बऱ्याचदा मुख्य जिगपेक्षा जास्त मासे लागतात. खालचा जिग धुरळा उडवून मासा बोलावतो आणि वरचं हलकं, सुटं तरंगणारं आमिष तो घेतो.

*अळ्या, शिंपला, कोळंबीचे तुकडे.* हे लहान तोंडाच्यांसाठी. विंटर फ्लाउंडर खाण्याच्या मनःस्थितीत असला की डोकं तळावरून उचलून धरतो, डोळे बाहेर काढून फिरवतो, काही दिसलं की त्यावर रोखून स्थिर राहतो आणि मग पुढे-खाली छोटी झेप घेतो. काही दिसलं नाही तर थोडं सरकून पुन्हा तीच बैठक. रात्री डोकं टेकवून, डोळे आत ओढून पडतो. असा मासा आमिषाच्या मागे धावणार नाही. त्याला जागेवर आणावं लागतं. ठेचलेले शिंपले जाळीच्या डब्यात भरून तळावर सोडा, लांब दांडीचे 6 ते 8 नंबरचे बारीक गळ घ्या, अळीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा लावा आणि दर मिनिटाला शिसं उचलून चिखलात आपटा. उडालेल्या गाळाकडे तो येतो. घास लहान, त्यामुळे दोन टिचक्या लागल्या की मनगटाने हलकं उचललं तरी पुरतं. तळाचं पाणी साधारण 22 अंश सेल्सियसच्या वर गेलं की हा खाणं सोडून गाळात रुतून बसतो. तेव्हा आमिष बदलण्यात अर्थ नाही, खोल आणि गार पाणी शोधा.

*पत्रा आणि मणी.* युरोपीय फ्लाउंडरची ही गंमत आहे. छोटा चमचा-पत्रा, त्याच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर अळी लावलेला गळ, आणि वाळूवर धुरळा उडवत संथ ओढ. मासा पत्र्यामागे येतो आणि अळी चावतो. दुसरा चपटा मासा घास घेऊन पळतोय असं त्याला वाटतं, असा जुन्या ब्रिटिश गरवणाऱ्यांचा तर्क होता. तर्क खरा असो वा नसो, एक गोष्ट पक्की: ओढ लागली तरी थांबायचं नाही आणि झटकाही द्यायचा नाही. त्याच संथ गतीने रीळ फिरवत राहा, तो स्वतःच गळाला लटकतो. जिवंत माशाच्या वेळी थांबून तंगूस द्यायचा होता, त्याच्या हे अगदी उलट आहे.

पाण्यावर गेल्यावर

जागा निवडताना काठ शोधा. वाळूचा पट्टा जिथे खोल नाळेत उतरतो तो उतार, पुलाच्या खांबांमागची प्रवाहाची सावली, ओहोटीला लहान नाले मोठ्या खाडीला मिळतात ती तोंडं. ओहोटीचं पाणी लहान मासे बाहेर ढकलतं आणि फ्लाउंडर त्यांची वाट बघत तोंडाशीच पडलेला असतो.

होडी वाहू द्या, पण वेग तपासा. एक नॉट, म्हणजे ताशी दोन किलोमीटरच्या आतबाहेर, हा बहुतेक आमिषांना मानवतो. उधाणाच्या दिवसांत आमिष त्याच्या नजरेसमोरून पळतं. तेव्हा पाण्यातलं पॅराशूट सोडून होडी आवरा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या, दिवसांत किंवा पाणी वळताना होडी जागची हलत नाही, तेव्हा जिग घेऊन हालचाल आपण द्यायची. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की होडी उभी राहते आणि नुसत्या पट्टीला कोणी विचारत नाही.

शिसं किती? तळ सतत जाणवेल इतकं, कमीत कमी. तंगूस पाण्यात 45 अंशांपेक्षा जास्त तिरका गेला की आमिष तळ सोडतं आणि टिकटिक हातापर्यंत पोचत नाही. लीडर, म्हणजे गळाला जोडलेला तंगुसाचा शेवटचा तुकडा, साठ ते नव्वद सेंटिमीटरचा ठेवा, मोठ्या तोंडाच्या माशाला 2/0 ते 4/0 नंबरचे रुंद गळ.

एक मासा मिळाला की त्याच रेषेवरून पुन्हा वाहा. हातातल्या माशाची पाठही बघा. फ्लाउंडर तळाप्रमाणे रंग आणि नक्षी बदलतो, त्यामुळे फिकट, बारीक ठिपक्यांची पाठ म्हणजे वाळूवरचा मासा, काळपट म्हणजे चिखलावरचा. होडीखालच्या तळाचा अंदाज आणि पाठीचा रंग जुळत नसेल तर मासा नुकता दुसरीकडून सरकून आलेला असू शकतो, मग शेजारचा तळ धुंडाळा. ठेवायचा मासा साफ करताना पोटही उघडून बघावं. आत कोळंबी निघत असताना आपण बोय लावत बसण्यात हशील नाही.

कॅमेरा लावायचा असेल तर

तंगुसावर बसणारा छोटा कॅमेरा शिसं आणि आमिष यांच्या मध्ये बांधा, तोंड आमिषाकडे. अंतर साठ सेंटिमीटर ते एक मीटर. त्याहून जवळ ठेवला तर मागे येणारा मासा चौकटीत मावत नाही. दिवा लावू नका. कॅमेऱ्याच्या ओझ्याने आमिषाची चाल मंदावते, म्हणून जे दिसेल ते थोडं सबुरीने घ्या. बघताना मासे मोजण्यापेक्षा तो वळून परत गेला तो क्षण पुन्हा पुन्हा बघा: त्याआधी आमिष वर उचललं गेलं होतं, गरगरलं होतं, की शेवाळ अडकलं होतं? परत जाण्याचं कारण बहुतेक वेळा त्या मागच्या दोन सेकंदांत सापडतं.

वर आणताना

फ्लाउंडर तळापासून शांत येतो आणि होडी दिसली की बिथरतो. पृष्ठभागाजवळ काठी उंच धरून डोकं पाण्याबाहेर काढलंत तर तो जोरजोरात डोकं हलवतो आणि गळ सुटतो. डोकं पाण्यातच राहू द्या, जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून जाळीत ओढा. शेपटीकडून जाळी लावली तर तो पुढे उसळून निघून जातो.

मोजपट्टी जवळ हवीच. अमेरिकेत समर फ्लाउंडरची किमान लांबी आणि रोजची मर्यादा राज्यागणिक वेगळी असते आणि बदलतही राहते. सदर्न फ्लाउंडरसाठी टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांनी शरद ऋतूत बंदीचा काळ ठेवला आहे, कारण तेव्हा मासे अंडी घालायला खाड्यांमधून खुल्या समुद्राकडे निघतात. समर फ्लाउंडरच्या साठ्याचं गणित मांडताना, हौशी गरवणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपैकी 10 टक्के मरतात असं धरलं जातं. गिळलेला गळ उपसून काढण्यात जातात त्यांतले पुष्कळ. म्हणून लहान मासा असेल तर ओल्या हातांनी जाळीतच धरा, गळ ओठात असेल तर पक्कडीने उलटा फिरवून काढा, घशात असेल तर तंगूस तोंडाजवळ कापून तसाच पाण्यात सोडा.